ठासणीची बंदूक आणि दोन कायदे

सह्याद्रीच्या कुशीतील शेतकऱ्याच्या घरी वडिलोपार्जित ठासणीची बंदूक असणे, यात नवल वाटावे असे काही नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, गजाने ठासावयाची, त्यावर छर्रे वा गोळी भरावयाची आणि केप बसवून घोडा ओढावयाचा, हे तिचे तंत्र. एकदा बार काढला की पुन्हा सारी भरणी मुळापासून करावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने या बंदुकीचा नावानिशी उल्लेख केला आणि पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेपोटी तिचा परवाना देण्याची तरतूद ठेवली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली. पहिल्या कायद्याने दिलेली बंदूक दुसऱ्या कायद्याने राखलेल्या सांबरावर आणि भेकरावर रोखली जाते, हा खरा प्रश्न आहे.

या कृत्याचे समर्थन करताना परंपरेचा आधार घेतला जातो. कोल्हापूर संस्थानात शिकारीचा मोठा षोक होता, हे खरेच. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी शिकारीसाठी शिकविलेले चित्ते होते आणि त्यांच्याकडून माळावर काळवीट धरविले जात. पण त्या परंपरेचा शेवटही ध्यानात घ्यावा. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ साली मध्य प्रदेशातील कुनो येथे तो परदेशातून आणावा लागला. संस्थानी शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झाले. राजाने सोडलेला षोक प्रजेने चोरून चालविणे, याला परंपरा म्हणता येत नाही.

दुसरे समर्थन असे की जुनी बंदूक ती काय, तिने कितीसे नुकसान होणार? वस्तुस्थिती उलट आहे. या बंदुकीचा नेम बेभरवशाचा, पल्ला तोकडा आणि दुसरा बार तत्काळ काढण्याची सोय नाही. बॅटरीच्या झोताने दिपलेले जनावर जखमी होऊन झाडीत शिरते आणि तडफडून मरते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने हरिण मारण्याचा स्वतंत्र हंगाम असतो, असा दाखला कोणी देईल. परंतु तेथे हरणांच्या संख्येचा अंदाज घेऊन परवाने दिले जातात आणि मारलेल्या जनावराचा हिशेब ठेवला जातो. आपल्याकडील रात्रीच्या चोरट्या शिकारीला हिशेबच नसतो.

तिसरे कारण मात्र हेटाळून चालणार नाही. रात्रभर माळ्यावर जागून राखलेले भात वा ऊस गवे आणि रानडुकरे एका रात्रीत तुडवितात, तेव्हा शेतकऱ्याचे वर्ष बुडते. १८९५ साली वसलेली शाहूपुरीची पेठ ज्या गुळावर वाढली, तो याच जिल्ह्याच्या उसाचा. जंगलाचे कौतुक शहराने करावे आणि त्याची किंमत रानाकडेच्या वाडीने मोजावी, हा न्याय नव्हे. पण पिकाचा हा कैवार भेकराच्या मांसापर्यंत ताणता येत नाही. परवाना पिकाच्या राखणीचा आहे; उपद्रवी जनावर मारावयाचे तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ अन्वये वेगळी परवानगी लागते.

या दोन कायद्यांची सांगड घालणारी तरतूद अस्तित्वात आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकांची वनखात्याकडे नोंद व्हावी आणि तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून देऊ नये, असे कलम ३४ सांगते. अभयारण्यात शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. महसूल, पोलीस आणि वन या तिन्ही खात्यांनी ही नोंदवही एकत्र बसून तपासली पाहिजे. वारसाहक्काने आलेली, परवाना संपलेली बंदूक माळ्यावर पडून राहता कामा नये. त्याच तत्परतेने पिकाचा पंचनामा झाला पाहिजे आणि भरपाई पुढच्या पेरणीपूर्वी हातात पडली पाहिजे. शिक्षा वेगाने व्हावी आणि भरपाई मात्र रेंगाळावी, असे घडल्यास वाडीतील माणूस वनरक्षकाचा साक्षीदार होणार नाही. तो शिकाऱ्याचाच सोबती होईल.

शेवटी जबाबदारी शहराकडेही येते. वाडीत मारलेल्या हरणाचे मांस वाडीतच संपते असे नाही. रानातल्या मटणाची चटक असलेले शहरी गिऱ्हाईक ते मागते आणि जास्त दामही मोजते. शिकार झालेला प्राणी ही कायद्याने शासनाची मालमत्ता असते, आणि ते मांस बाळगणाराही गुन्हेगार ठरतो. सुशिक्षित घरांतून हे ताट निर्धाराने परत फिरले, तर अनेक बारांची दारू नळीत न पडताच राहील. कायद्याला जे काम पहाऱ्याने करावे लागते, ते समाज नुसत्या नकाराने करू शकतो.