डब्यांतील पांढरें चूर्ण

आपल्या घरांत पांढरीं चूर्णें किती आहेत, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाहीं. तांदळाचें पीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, दुधाची भुकटी, तुरटीची पूड! आरे-वारेसारख्या समुद्रकांठच्या गांवीं पावसाळ्यांत ओल धरूं नये म्हणून या सर्वांची रवानगी घट्ट झांकणाच्या डब्यांत होते आणि वेष्टणावरील नांव केरांत जातें. या पंक्तींत कधींही बसवूं नये अशा एका चूर्णाचा परिचय आज करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव सोडियम फ्लोराइड.

हें मिठासारखें शुभ्र व वासरहित असतें. शंभर मिलिलिटर पाण्यांत तें सुमारें ४ ग्रॅम विरघळतें. फ्लोरस्पार नामक खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून प्रथम हायड्रोफ्लोरिक आम्ल मिळवितात व तें सोड्यानें उदासीन केलें म्हणजे हें लवण तयार होतें. हें आम्ल कांचेसहि खातें आणि कातडींतून थेट हाडापर्यंत पोंचतें. म्हणून हा उद्योग कारखान्यांचा आहे, जिज्ञासु विद्यार्थ्यांचा नव्हे.

एके काळीं हें चूर्ण झुरळें मारण्याकरितां सर्रास वापरीत. अमेरिकेंत ओरेगन राज्यांतील सेलम येथील मनोरुग्णालयांत १८ नोव्हेंबर १९४२ रोजीं रात्रीच्या स्वयंपाकासाठीं दुधाची भुकटी आणावयास धाडलेल्या माणसानें तळघरांतून हेंच आणिलें. २६३ जणांस बाधा झाली; त्यांपैकीं ४७ दगावले. कोणाचा हेतु वाईट नव्हता; दोन्ही चूर्णें दिसावयास सारखीं होतीं, इतकेंच.

पोटांत गेलेलें फ्लोराइड रक्तांतील कॅल्शियम बांधून टाकतें. तें घटलें कीं स्नायु आंकडतात व हृदयाची गति बिघडते. प्रौढ माणसास ५ ते १० ग्रॅम प्राणघातक ठरतात. लेंकरास याहून पुष्कळच कमी.

तरीहि हेंच लवण दंतमंजनांत अल्प प्रमाणांत घातलें असतां दांत राखतें. पिण्याच्या पाण्यांत फ्लोराइड दर लिटरास १.५ मिलिग्रॅमच्या पलीकडे गेलें, तर मात्र दांत डागाळतात आणि पुढें हाडें ताठरतात. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील कांहीं गांवांनीं हें दुःख भोगिलें आहे. मात्रेचा विचार वैद्यांनीं उगाच सांगितलेला नाहीं.

आतां आमच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठीं घरोघर पंक्ती उठतात आणि स्वयंपाकघरांत नवे हात वावरतात. घरच्या सुनेस पाठ असलेला डबा नव्या बाईस ठाऊक नसतो. म्हणून प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत नांव लिहावें. कीटकनाशक मूळ वेष्टणांतच ठेवून स्वयंपाकघराबाहेर कुलुपांत असावें. खाण्याच्या रिकाम्या डब्यांत तर तें कदापि भरूं नये. नांव नसलेलें चूर्ण चाखून ओळखूं नये. अपघात घडलाच, तर ओकारी करविण्याच्या खटपटींत न पडतां, माणूस शुद्धीवर असल्यास दूध द्यावें आणि तो डबा बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा.

घरांत लिहितां येणारीं माणसें पुष्कळ आहेत. येत्या रविवारीं त्यांच्या अक्षराचा एवढा उपयोग व्हावा.