मच्छरदाणी आहे, पण झोपलं कोण?

गडचिरोलीत हिवतापाच्या सर्वेक्षणासाठी मी मोबाइलचा फॉर्म बनवला. पहिलाच प्रश्न होता, ‘घरात मच्छरदाणी आहे का?’ बहुतेकांनी ‘हो’ सांगितलं. माझा आलेख हिरवागार. भामरागडकडच्या एका आशाताईंनी तो पाहिला नि म्हणाल्या, “भाऊ, मच्छरदाणी पेटीत आहे. माणसं शेतावर राखणीला झोपतात.”

मग प्रश्न बदलला : काल रात्री मच्छरदाणीत कोण कोण झोपलं? तोही माडियातून विचारायचा, आणि रेंज नसताना फॉर्म भरता आला पाहिजे. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यातलं काही शिकलो नव्हतो.)

पण मोठी चूक पुढेच होती. माझ्या फॉर्ममधली माहिती वर जायची, खाली काहीच यायचं नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेतला की किटवर वीसेक मिनिटांत निकाल कळतो. फाल्सिपेरम असेल तर उपचाराला झालेला उशीर जिवावर बेततो. अशा वेळी कोणत्या घरी पुन्हा जायचं, कोणाच्या गोळ्या अर्धवट राहिल्या, हे आशाताईंच्याच फोनवर दिसायला हवं.

२०३०पर्यंत हिवताप संपवण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. सरकारनं आणखी एक ॲप काढण्याआधी ही परतीची वाट बांधावी. आणि फॉर्म भरणं हेही कामच आहे. त्याचा मोबदला आशांना वेळेवर द्यावा.