बाबांचा संसार

ज्या पुरुषाला आपण महात्म्यांच्या मालिकेत एकदा बसवून मोकळे होतो, त्याच्या संसाराची विचारपूस करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, आणि बाबा आमटे यांच्या स्मरणाचे नेमके हेच झाले आहे. दर ९ फेब्रुवारीस, त्यांच्या स्मृतिदिनी, त्यांच्या कुष्ठसेवेवर आणि १९८५ च्या मॅगसेसे पुरस्कारावर यथासांग भाषणे होतात. मात्र बेचाळीसच्या धामधुमीतला हा लढवय्या हाडाचा कुटुंबवत्सल गृहस्थ होता, याचा उच्चार क्वचितच होतो.

१६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूरच्या उठावानंतर धरपकड झालेल्यांच्या बचावाकरिता वकील उभे करण्यात वरोऱ्याचे मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा, पुढे होते. मालगुजाराचा हा मुलगा. वकिलीही चांगली चाललेली. नागपूरच्या एका लग्नघरी म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुऊ लागणारी घुलेशास्त्र्यांच्या कर्मठ घराण्यातील कन्या त्यांच्या दृष्टीस पडली आणि १९४६ साली तीच साधनाताई होऊन घरात आली. हुंडा, मानपान अथवा पत्रिका यांवरून स्थळ पारखणाऱ्या त्या काळात वधूपरीक्षेची ही तऱ्हा विरळाच म्हटली पाहिजे!

पुढे गटाराकाठी पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून बाबा प्रथम भयाने पळाले आणि मग परतले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या परतण्याचे मोल कोणी चुकते केले? सरकारकडून मिळालेल्या वरोऱ्याजवळच्या झुडपी, दगडाळ जमिनीवर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या पुंजीवर आनंदवन उभे राहिले, तेव्हा विकास व प्रकाश ही दोन अजाण लेकरे विंचूसापांच्या त्या रानात वाढत होती. आणि ज्या रोगाच्या नुसत्या नावाने सख्खे भाऊ दार लावून घेत, त्याच रोग्यांच्या सान्निध्यात त्या माउलीने चूल मांडली होती. बाबांच्या धैर्यापेक्षा मला हे धैर्य तसूभर अधिक वाटते.

बापाने आपले व्रत मुलांच्या माथी मारले, असा आक्षेप कधीकधी ऐकू येतो, आणि तो अगदीच खारीज करण्याजोगा नाही. तथापि बाबांनी हुकूम सोडला नव्हता. त्यांनी मुलांना भामरागडचा माडिया आदिवासींचा मुलूख नेऊन दाखविला, आणि शल्यचिकित्सेचे उच्च शिक्षण अर्धवट टाकून प्रकाश तेथे गेले ते स्वतःच्या निर्णयाने. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्या वेळी स्वतंत्र गडचिरोली जिल्हा निर्माण व्हावयास आणखी नऊ वर्षे होती. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटे, आणि डॉक्टर सुनेचा नवा संसारही तेथेच, विजेवाचून, सुरू झाला. इकडे पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बाबांना बसणे अशक्य. उभे राहणे किंवा आडवे पडणे, एवढेच हाती. त्या अवस्थेत १९९० साली ते नर्मदाकाठी कसरावदला राहावयास गेले, तेव्हा उतारवयात साधनाताईंनी पुन्हा एकदा बिऱ्हाड थाटले.

२००८ साली बाबा गेले; दहनाऐवजी त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनाच्याच मातीत त्यांना पुरले गेले. साधनाताई २०११ साली गेल्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांनी बाबांची तसबीर भिंतीवर जरूर लावावी, परंतु साधनाताईंचे ‘समिधा’ हे आत्मकथनही आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवावे आणि ते मुलांकडून वाचून घ्यावे, एवढी विनंती आहे.