शिफारशीची पत

हुंडीचा व्यवहार भरात होता त्या काळी पेढ्यांवर ‘जिकरी चिठ्ठी’ची प्रथा होती. हुंडी लिहिणारा किंवा तिचा पूर्वीचा धारक परगावच्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थास लिहून देई की, ही हुंडी नाकारली गेलीच, तर आमच्या नावाखातर आपण ती स्वीकारावी. त्या चिठ्ठीमागे लिहिणाऱ्याची पत उभी असे. आज एखादी गृहिणी शेजारणीला ‘आमच्याकडे यांनीच काम केले, निर्धास्त बोलवा’ असे सांगते, तेव्हा तीही आपली पत दुसऱ्यासाठी गुंतवीत असते.

घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या छोट्या व्यवसायाचा डोलारा या एका वाक्यावर उभा असतो. पाण्याच्या टाक्या धुण्याचेच काम पाहावे. दुकानातले कापड हाताने चाचपून घेता येते. येथे मात्र अनोळखी माणसाला आधी घरात घ्यावे लागते आणि काम कसे झाले ते नंतर कळते. जाहिरातीतून फोन क्रमांक मिळतो, भरवसा ओळखीच्या तोंडूनच मिळतो.

शिफारस मागण्यात कमीपणा नाही. मात्र वेळ साधावी. गाळ उपसून, भिंती घासून, जंतुनाशकाने टाकी धुऊन झाली, यजमानांनी ती डोळ्यांनी पाहिली आणि समाधान बोलून दाखविले, की ती वेळ आली असे समजावे. ‘कोणी असेल तर सांगा’ हे मोघम वाक्य दारातच विरून जाते. ‘आपल्या गल्लीत वा नात्यात कोणास पावसाळ्यापूर्वी टाकी धुवून घ्यावयाची असल्यास हे कार्ड द्यावे,’ असे म्हणून दोन कार्डे हाती ठेवली, तर ती नेमक्या घरी पोहोचतात. शेजाऱ्यांचा फोन क्रमांक परस्पर मागू नये. आपला द्यावा आणि फोन करणे त्यांच्या इच्छेवर सोडावे.

वहीत प्रत्येक नव्या ग्राहकापुढे ‘कोणाच्या सांगण्यावरून’ असा एक रकाना असावा. काम संपताच, त्याच दिवशी, शिफारस करणाऱ्यास ते पूर्ण झाल्याचे कळवून आभार मानावेत. कामात उणीव राहिली असेल, तर तक्रार त्यांच्या कानी जाण्याआधीच ते विनामूल्य पुन्हा करून द्यावे. तेथे जाणारी अब्रू एकट्या व्यावसायिकाची नसते.

खरी कसोटी बक्षिसाच्या वेळी लागते. सोसायटीच्या व्यवस्थापकास किंवा रखवालदारास गुपचूप रक्कम देऊन कामे मिळविण्याचा मोह होतो. कामे मिळतातही; परंतु ते पैसे शेवटी ग्राहकाच्या बिलात चढतात, आणि तसे उघड झाले की चांगल्या कामावरही संशय येतो. कृतज्ञता व्यक्त करावयाचीच तर ती उघडपणे करावी. पुढील धुलाईत जुन्या व नव्या, दोन्ही ग्राहकांना सारखी सूट द्यावी आणि ती बिलावर स्पष्ट लिहावी. जी सवलत दोघांनाही सांगता येते, तिने शिफारशीला बट्टा लागत नाही.

भांडवल कर्जाऊ मिळते आणि व्याजासह फेडता येते. दुसऱ्याने आपल्यासाठी गुंतविलेली पत मात्र चोख कामानेच फेडावी लागते.