विज्ञान कीं गारुड?

महाविद्यालयीन तरुणांनीं प्राथमिक शाळांत जाऊन मुलांकडून विज्ञानाचे प्रयोग करवून घ्यावे, असें कोणीं सुचविलें, कीं आमच्या शिक्षणपंडितांच्या कपाळास आठ्या पडतात. उपकरणें कोठून आणावीं, आणि शिक्षणशास्त्र न शिकलेल्यांच्या हातीं कोवळीं मुलें कशीं द्यावीं, हे त्यांचे दोन आक्षेप.

पहिल्याचें उत्तर होशंगाबादेनें दिलें आहे. १९७२ सालीं तेथील १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या टेल्कोंतून रजा घेऊन १९७८ त तेथें गेलेल्या अरविंद गुप्तांनीं आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमितीच्या आकृति उभ्या केल्या. २००२ सालीं सरकारी हुकुमानें तो उपक्रम बंद पडला. साहित्याच्या उणिवेनें तो बंद पडला नव्हता.

दुसऱ्याचें उत्तर फ्रान्समध्यें सांपडेल. पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळविलेल्या जॉर्ज शार्पाक यांनीं १९९६ त तेथें प्राथमिक विज्ञानशिक्षणाची चळवळ आरंभिली. तींत विज्ञानाचे विद्यार्थी वर्गांत जातात खरे. पण ते शिक्षकाच्या शेजारीं उभे राहतात, त्याच्या खुर्चीवर बसत नाहींत.

माझी तक्रार वेगळीच आहे. आमचे तरुण जातात ते बहुधा एका दिवसापुरते. रंगीत द्रव उकळवून दाखवितात, टाळ्या घेतात, छायाचित्र काढवितात आणि प्रमाणपत्र खिशांत घालून परततात. मुलांस कशास हातहि लावूं देत नाहींत. विज्ञान म्हणजे दुसऱ्यानें करावयाची जादू, एवढाच धडा मुलें त्यांतून घेतात. मग गारुडी काय वाईट?

हा दोष त्या तरुणांच्या माथीं मारून मी सुटूं पाहत नाहीं. पंचवीस वर्षें मी पदार्थविज्ञान शिकवीत आहें. लंबकाचा आवर्तकाल वजनावर अवलंबून नसतो, हें माझे विद्यार्थी फळ्यावर क्षणांत सिद्ध करतात. पण सुतळीस आधीं लहान व मग मोठा दगड बांधून झोके मोजले आहेत काय, असें विचारतांच माना खालीं जातात. प्रयोगशाळेंत त्यांनीं लंबक हालविला, तो वहींतलें उत्तर जुळविण्यासाठीं. आणि ती वही तपासून सही करणारा मीच.

चौथीचें पोर सूत्रावर समाधान मानणार नाहीं. 'दगड जड, तरी झोक्याला वेळ तेवढाच कां?' असें तें विचारील, आणि तेथें माझ्या पदवीधराची खरी परीक्षा होईल. म्हणून त्यानें दर आठवड्यास, वर्षभर, त्याच वर्गांत जावें; सुतळी मुलांच्या हातीं द्यावी आणि आपले हात मागें बांधावे. शाळेवर उपकार करीत असल्याचा अभिमान मात्र दारांतच सोडावा. शिकावयाचें त्याचेंच अधिक राहिलें आहे. आणि त्याच्याहून अधिक माझें.