तिऱ्हाइताचे बंदर

कळसला आमच्या आजोबांच्या दुकानात एक लाकडी पेटी होती. भागीदारी मोडलेल्या दोन घरांचा वाद मिटेपर्यंत त्यांच्या खतावण्या त्या पेटीत राहत. दोन्ही बाजूंची माणसे एकाच गादीवर येऊन बसत आणि एकमेकांकडे न पाहता चहा घेऊन निघून जात. पेटी उघडण्याचा अधिकार आजोबांनाही नव्हता. ‘तिऱ्हाईत’ या शब्दाचा अर्थ मला प्रथम तेथे कळला.

राष्ट्रांच्या वैरातही अशी तिऱ्हाइतांची घरे असतात. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड, स्वीडन, आयर्लंड आणि पोर्तुगाल ही तशी घरे होती. आणि पोर्तुगालच्या सत्तेमुळे आपला गोवाही. १९०७ च्या हेग करारांनी या घरांचे नियम ठरविले होते. लढणारा सैनिक तटस्थ भूमीवर आला, तर त्याला युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवायचे. व्यापारी जहाज मात्र बंदरात आसऱ्याला राहू शकते.

आयर्लंडमधील करग येथे या नियमाचे विलक्षण रूप दिसले. भरकटलेले किंवा कोसळलेले ब्रिटिश आणि जर्मन वैमानिक तेथे एकाच छावणीत, मध्ये कुंपण घालून, ठेवलेले होते. ‘पळून जाणार नाही’ असे लिहून सही केली की त्यांना बाहेर फिरण्याची मोकळीक असे. काल आकाशात परस्परांचा जीव घेऊ पाहणारे आज त्याच गावात घोड्यांच्या शर्यती पाहत. ब्रिटिश हवाई दलातील रोलंड वुल्फ हा अमेरिकन वैमानिक डिसेंबर १९४१ मध्ये येथून निसटून बेलफास्टला पोहोचला. आपण हातमोजे विसरल्याचे सांगून आत परतलो आणि दुसऱ्यांदा सही न करता बाहेर पडलो, म्हणून वचन मोडले नाही, असा त्याचा बचाव सांगितला जातो. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही ही पळवाट ओळखीची वाटेल. ब्रिटिश सरकारला ती पटली नाही. वैमानिकांची तेव्हा अतोनात गरज असतानाही त्यांनी त्याला आयर्लंडच्या छावणीत परत पाठविले.

त्याच सरकारने मुरगावला काय केले, ते आता पाहू.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटताच एहरनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखनफेल्स ही जर्मन व्यापारी जहाजे मुरगाव बंदरात आसऱ्याला आली. पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही तेथेच अडकले. बाहेरच्या समुद्रात ब्रिटिश आरमार, पाठीमागे ब्रिटिश हिंदुस्थान, जाणार कोठे? साडेतीन वर्षे ही माणसे नांगरलेल्या जहाजांवर राहिली. एहरनफेल्सवर गुप्त बिनतारी यंत्र असून त्यावरून ब्रिटिश जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जाते, असा इंग्रजांना संशय होता. तो खरा असेल, तर पेटी आतून उघडली गेली होती, असे म्हणावे लागेल. समुद्रात बुडणाऱ्या जहाजांवरही माणसेच होती, हे विसरून चालणार नाही.

परंतु तटस्थ बंदरात आरमार पाठविणे शक्य नव्हते. म्हणून निवडले गेले ते ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळातील आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या पलटणीतील अठरा जण. त्यांत बहुतेक पेढ्यांवर काम करणारे, हिशेबनीस, व्यापारी. काही चांगलेच वयस्क. ‘फीबी’ नावाची गाळ वाहणारी होडी कलकत्त्याहून हिंदुस्थानला वळसा घालून आणली गेली. बाकीचे आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढले. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते एहरनफेल्सवर शिरले. चकमकीत जहाजाच्या कप्तानासह काही जर्मन मारले गेले, खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि जहाज बुडाले. ते पाहून उरलेली तिन्ही जहाजे त्यांच्याच खलाशांनी नष्ट केली. हल्लेखोर परत जाऊन आपापल्या कचेऱ्यांत कामावर बसले. त्यांना ना पदक मिळाले, ना काही बोलण्याची मुभा. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे पुस्तक आल्यावर ही हकिकत जगासमोर आली. पुढे तिच्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला.

त्या वयस्क कारकुनांच्या धैर्याचे मला कौतुक वाटते. तरीही आयर्लंडमध्ये शब्दासाठी आपला वैमानिक परत करणारे सरकार गोव्यात कोणाला कळणार नाही अशी माणसे शोधते, हा हिशेब माझ्याने जुळत नाही. आयर्लंड शेजारी होता, शिवाय अमेरिकेचे लोकमत त्याच्याकडे लागलेले होते. मुरगावकडे कोण पाहत होते?

पण पुढील भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि चित्रपटवाल्यांना त्याचे काहीच वाटले नाही. त्या रात्रीनंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, त्याच बंदरात दोन जहाजे आली. एक ग्रिप्सहोम, तटस्थ स्वीडनचे, अमेरिका खंडातून जपानी नागरिकांना घेऊन. दुसरे तेइया मारू, जपानच्या ताब्यातील आशियातून अमेरिकन, कॅनेडियन आदी नागरिकांना घेऊन. प्रत्येकावर सुमारे दीड हजार माणसे: धर्मोपदेशक, व्यापारी, स्त्रिया, मुले. आदल्या वर्षी अशीच एक अदलाबदल पोर्तुगालच्याच आफ्रिकेतील लोरेंसो मार्केस बंदरात झाली होती. आता पाळी मुरगावची होती. १९ ऑक्टोबरला एका जहाजावरची माणसे दुसऱ्यावर गेली. आशियातील युद्धकैद्यांसाठी रेड क्रॉसने पाठविलेली औषधे आणि सामानही येथेच जपानी जहाजावर चढले.

मार्चच्या रात्रीनंतर पोर्तुगालने हे बंदर अशा कामाला नाकारले असते, तर त्या तीन हजार माणसांचे काय झाले असते? जवळपास दुसरे घर नव्हते.

जपानकडे निघालेल्यांत अमेरिकेतच जन्मलेली कित्येक मुले होती. त्यांनी जपान पाहिलेला नव्हता. ती मुलेही त्या दिवशी आईबापांचा हात धरून तेइया मारूवर चढली. ग्रिप्सहोम १ डिसेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचले.