कर्णाची कैफियत

घराबाहेर पाऊल टाकताच हिंदी आणि छत्तीसगढीचा व्यवहार सुरू होतो अशा तात्यापाऱ्यासारख्या वस्तीतच नव्हे, तर बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढ प्रांताशी नाते सांगणाऱ्या रायपूरच्या एकूण मराठी समाजात, मराठी वाचनाची सवय टिकवून धरण्याचे श्रेय ज्या मोजक्या ग्रंथांना द्यावे लागेल, त्यांत शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ या कर्णावरील कादंबरीचे स्थान फार वरचे आहे. १९६७ साली, वयाची तिशीही न ओलांडलेल्या आजऱ्याच्या या लेखकाने जी ओघवती, अलंकारप्रचुर आणि प्रसंगी अतिप्रचुर अशी भाषा कर्णाच्या मुखी घातली, तिने तीन पिढ्यांना झपाटले. हिंदी अनुवादामुळे ही कादंबरी आमच्या शेजाऱ्यांच्या घरांतही पोहोचली. हे ऋण मान्य करूनही, त्या कादंबरीविषयी माझ्या मनात जो किंतु आहे तो वयाबरोबर बळावतच चालला आहे.

किंतु असा की, ही कादंबरी म्हणजे एका पक्षकाराची कैफियत आहे. जबानी देण्यास स्वतः कर्ण, माता कुंती, पत्नी वृषाली, बंधू शोण, मित्र दुर्योधन आणि अखेरीस प्रत्यक्ष श्रीकृष्ण असे सहा जण उभे राहतात. परंतु द्यूतसभेत जिला या दानशूराने कुलटा म्हटले आणि जिची वस्त्रे फेडण्याची आज्ञा त्याने दुःशासनाला दिली, त्या द्रौपदीला मात्र कोणी पुकारीत नाही. फिर्यादीवाचून चाललेल्या मुकदम्याचा निकाल काय लागणार?

दैवयोग असा की, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती ‘मृत्युंजय’च्या अवघे एक वर्ष आधी, १९६६ मध्ये, पूर्णत्वास नेली होती. ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे द्रौपदी भरसभेत बजावते, हा जो प्रसंग कर्णाच्या अपमानाचा मूलाधार म्हणून आपण सर्वांनी मानला आहे, तो त्या आवृत्तीच्या संहितेत नाही, तळटिपेत आहे. आणि द्यूतसभेतील कर्णाची दुर्वचने मात्र संहितेत जशीच्या तशी आहेत. इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ही १९६७ चेच, त्यात कर्णाची झाडाझडती निर्ममपणे घेतलेली आहे, परंतु लोकांच्या हृदयसिंहासनावर बसला तो सावंतांचा कर्ण.

नायकाची वकिली करण्याची ही प्रवृत्ती केवळ आपलीच नव्हे. मॅडेलिन मिलर या अमेरिकन लेखिकेने २०११ च्या आपल्या लोकप्रिय कादंबरीत ट्रॉयच्या युद्धाची कथा पॅट्रोक्लसच्या मुखाने सांगितली, तेव्हा हेक्टरचे शव रथामागून फरफटविणाऱ्या अकिलीसचे वकीलपत्र त्याच्या प्रियकराकडेच गेले. वाचताना डोळे पाणावतात, यात संशय नाही. होमरने ज्या क्रोधाने काव्याचा आरंभ केला, तो क्रोध मात्र प्रेमाच्या सावलीत काहीसा सौम्य होतो.

कोणी म्हणेल, पक्षपात तर आमच्या छत्तीसगढच्या पंडवानी या महाभारतकथेच्या गायनातही आहे. आहेच, तिचा लाडका नायक भीम आहे, आणि तंबुऱ्याचीच गदा करून गायिका तीजनबाई भीमाचे युद्ध उभे करीत, तेव्हा तटस्थ राहणे कोणाला साधत असेल असे वाटत नाही. परंतु पंडवानीत गायकाच्या शेजारी ‘रागी’ बसलेला असतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, थट्टाही करतो, आणि त्या टोकण्याने श्रोत्याला भान राहते की आपण एका बाजूने सांगितलेली कथा ऐकत आहोत. ‘मृत्युंजय’मध्ये रागी नाही. सहाही निवेदकांची भाषा एकाच वळणाची असल्यामुळे एक निवेदक दुसऱ्याला टोकत नाही, आणि वाचकाचा हुंकार तेवढा उरतो.

वस्तुतः व्यासांचा कर्ण वकिलावाचून उभा राहण्याइतका समर्थ आहे. उद्योगपर्वात, कृष्णाने जन्मरहस्य सांगितल्यावर, दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना जी कटु वचने बोललो त्यांचा पश्चात्ताप होतो, हे तो एका श्लोकात सांगून मोकळा होतो. त्या एका कबुलीने तो मला जितका मोठा वाटतो, तितका कादंबरीतील शेकडो पृष्ठांच्या आत्मसमर्थनाने वाटत नाही.

‘मृत्युंजय’ मुलांच्या हाती अवश्य द्यावी. मीही दिली आहे. मात्र ती वाचून झाल्यावर द्यूतसभेचा मूळ प्रसंग आणि ‘युगान्त’ही त्यांच्यासमोर ठेवावे, एवढी पालकांना आणि ग्रंथालयांच्या चालकांना माझी विनंती आहे.